राखलेला हात

हरेशने एवढंच विचारलं, "वापर काय होणार आहे, ताई?" आणि मी म्हणाले, डिझाइन. गणपतीचं डिझाइन. म्हणाले आणि काउंटरच्या काचेखालच्या वायरींकडे बघत बसले, कारण खोटं बोललं की माझे कान तापतात, आणि अंबाडा घालायची सवय असल्याने ते झाकायला केससुद्धा नसतात. रोह्याच्या बाजारपेठेतलं ते कॉम्प्युटरचं दुकान नुकतंच उघडलं होतं. उदबत्ती अजून जळत होती. तोपर्यंत आमचं दोघांचं किती छान चाललं होतं. मी प्रोसेसरचं नाव घेतलं तसा हरेश खुर्चीतून उठलाच होता. एका बाईमाणसाने येऊन सहा कोरचा, नारिंगी डब्यातला, मागच्या वर्षी निघालेला प्रोसेसर नावानिशी मागितलेला त्याने कधी ऐकला नसावा. तो डबा काढून त्याने माझ्यासमोर ठेवलाही होता. डब्याच्या खिडकीतून दिसणारा तो चौकोन पापडाच्या लाटीएवढासुद्धा नव्हता. मी हात पुढे केला आणि त्याने तो प्रश्न विचारला. माझं उत्तर ऐकून त्याने नारिंगी डबा उचलला, मागे ठेवला आणि म्हणाला, मग हा नको, डिझाइनला बारा कोरवाला घ्या. निळा डबा पुढे आला. मी मान हलवली. बाईची मान एकदा हलायला लागली की हलतच राहते.

तो समजावत राहिला आणि मला ते सगळं आधीच समजलेलं होतं, हीच तर पंचाईत. महिनाभर भाजी चिरताना मी फोनवर दुसरं काही ऐकलंच नव्हतं. कोर म्हणजे आमच्या गणपतीच्या कारखान्यातले हात. मूर्तींना पांढरा मारायचा असेल तर वीस जण लावा, जितके हात तितकं काम लवकर उरकतं. डिझाइनचं तसंच असतं. कॉम्प्युटरवरच्या खेळात, आणि मला तोच करायचा होता, हात थोडे लागतात, पण ते आखणीचे लागतात, मूर्तीचे डोळे काढणारे, चपळ आणि नेमके. माझं बजेट बेताचं. बारा कोरचा घेतला की पडद्यावर चित्र उभं करणारं जे कार्ड असतं त्याला काही उरत नाही, आणि हलक्या कार्डावर खेळ अडखळतो. माणूस इथे दिसतो आणि असतो भलतीकडेच. म्हणजे पैसे माझे, आणि मी ते घालून नेमकं जे करायचं तेच न होणारी वस्तू घरी आणणार होते. हरेश बिचारा खऱ्या मनाने सांगत होता. बाकीचा सगळा संसार प्रोसेसरवर ठरतो, म्हणाला, त्याच्या जोडीचा बोर्ड मुंबईहून मागवावा लागतो, आणि एकदा सील तोडून बसवला की कोणी परत घेत नाही. दुपारी फोन करतो, मग ऑर्डर टाकतो. मी म्हणाले, बरं. पायरी उतरले आणि पेणची एसटी धरली, कारण हंगाम होता आणि हमरापूरला आप्पांच्या, माझ्या वडिलांच्या, कारखान्यात डोळे माझी वाट बघत होते.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. मांडीवर पिशवी, पिशवीत ब्रश, जेवणाचा डबा आणि सकाळचं खोटं. ते खोटं तसं माझं नव्हतंच, सुजयने दिलेलं होतं. सुजय माझा नवरा, धाटावला एका कंपनीत शिफ्टमध्ये ऑपरेटर. वाईट माणूस नाही. मला खेळायला कॉम्प्युटर घ्यायचाय हे ऐकून तो आधी पोट धरून हसला, मग माझं तोंड बघून गप्प झाला आणि म्हणाला, घे, तुझ्या आखणीचे पैसे आहेत, पण सांगताना डिझाइन सांग. आप्पांना बरं वाटेल, शेजारीपाजारी विचारणार नाहीत. इतक्या प्रेमाने त्याने ते सांगितलं की मी डब्यात चटणी भरून घ्यावी तसं भरून घेतलं. आमची दिशा मात्र फटकळ. मम्मी, बारावी माझी आहे का तुझी, कुणाला धाक लावायचा ते ठरवा, असं म्हणून खोलीत गेली. गाडी नागोठण्याला थांबली, वडेवाला खिडकीशी येऊन गेला, आणि मी मनात हरेशला पुन्हा पुन्हा उत्तर देत होते. प्रत्येक वेळी तेच उत्तर येत होतं. डिझाइन. असं कसं? शब्द तर साधा होता. खेळायला. दोन वर्षांचं पोरसुद्धा हक्काने म्हणतं, खेळायला जातो. मग माझ्या जिभेला काय झालं होतं?

खेळ मला ऋतुजामुळे कळला. वरसेला आमच्या समोरच्या दारात राहायची, लग्न होऊन आलेली नवी पोरगी, तिचा नवरा सुजयच्याच कंपनीत. एकदा मी लसूण मागायला गेले तर ही कानावर हेडफोनची ती मोठी कर्णफुलं चढवून पडद्यासमोर बसलेली. कुकरची शिट्टी झाली तशी तिने माझ्या हातात माउस दिला, वहिनी, नुसता धरा, कुणी आलं तर डावं बटण दाबा, आणि आत पळाली. पडद्यावर एक ओसाड गाव होतं, लांब एक भिंत आणि भिंतीच्या कडेला हलणारा एक ठिपका. मी काय केलं ते मला नंतर कळलं. मी श्वास सोडला आणि अर्ध्यावर थांबवला. बुबुळाचा काळा टेकवताना थांबवते तसा. ठिपका खाली पडला. ऋतुजा पळी हातात घेऊन दारात उभी राहिली आणि त्या कर्णफुलांतून कुणीतरी हिंदीत म्हणालं, भाई, क्या मारा है. त्या माणसाला ठाऊक नव्हतं की भाई नऊवारी नेसलेल्या आजीची नात आहे आणि तिच्या हातात लसणाची वाटी आहे. मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताला कोणीतरी नुसती शाबासकी दिली होती, देवाचा हात म्हणून नमस्कार न करता. त्यानंतर ऋतुजाचा नवरा शिफ्टला गेला की दुपारी मी तिच्याकडे. भांडी घासायची राहायची. आणि आता त्या दोघांची बदली गुजरातला झाली, सामान टेम्पोत चढलं, त्यात तो कॉम्प्युटरही गेला. ऋतुजा जाताना म्हणाली, वहिनी, तुमचा घ्या, तिकडून आपण एकत्र खेळू. एवढीच गोष्ट. पण ती गेल्यापासून दुपारी माझा उजवा हात रिकामा असतो आणि तो रिकामा आहे हे मला सारखं कळतं. पूर्वी कधी कळलं नव्हतं.

वडखळ आलं, खाडीचा वारा आत आला, दूरवर मिठागरांचे चौकोन पाण्याखाली गेलेले. लहानपणी आमच्या आळीतली पोरं उन्हाळ्यात मिठागरावर जायची, चिखलात पाय काळे करून यायची, मी जायची नाही. मला तिथलं मीठ नको होतं असं नाही. मी नऊ वर्षांची असताना कारखान्याच्या कोपऱ्यात टाकलेल्या एका फुटक्या मूर्तीला गंमत म्हणून डोळे काढले. आप्पांनी ते बघितले. मूर्ती उचलून दारापाशी उजेडात नेली, परत आणली, आणि दुसऱ्या दिवसापासून माझा हात राखायचा ठरला. आमच्याकडे तशी रीतच आहे. आखणीचा हात म्हणजे घरातला ठेवणीतला दागिना, रोजच्या वापराला काढायचा नाही. मी पाणी भरायचं नाही, पाट्यावर बसायचं नाही, लावणीला सगळं घर चिखलात उतरलं की मी बांधावर. सायकल नाही, झाडावर चढायचं नाही. आणि लगोरी तर मुळीच नाही, कारण चेंडू बोटांवर बसला तर? बरोबरीच्या पोरी जळायच्या. भाग्यवान आहे, हिला काम नाही. मला कोणी विचारलं नाही की तुला काम हवंय का खेळ. लगोरीला मी पंच. ठिकऱ्या मोजायच्या, कोण बाद ते सांगायचं, भांडण मिटवायचं. सगळ्या आळीत माझ्याएवढा नेम कुणाचा नव्हता हे मला बसल्या जागी दिसत होतं, दर फेकीला दिसत होतं, हा चेंडू डावीकडून जाणार, हा खाली बसणार, आणि मी ओट्यावर दोन्ही हात परकराच्या घोळात घेऊन बसायची. लग्नातसुद्धा आप्पांनी सुजयच्या घरच्यांना हात जोडून एकच सांगितलं, हिच्या हाताला जपा. सासूबाईंना वाटलं पोरीच्या हाताला काही दुखणं आहे. त्या वर्षभर माझ्याकडे संशयाने बघत होत्या.

पेणला उतरून रिक्षेत बसले तरी डोक्यात हरेशचा निळा डबा होता. मग एक आठवण आली आणि मला स्वतःचाच राग आला. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक आलं की आप्पा पहिला प्रश्न किमतीचा करत नाहीत. बाप्पा बसणार कुठे, हे विचारतात. मखर केवढं, दार केवढं, पाट केवढा. आणि लोक खोटं बोलतात, गणपतीच्या बाबतीतसुद्धा बोलतात. एकाने छाती फुगवून सांगितलं, हॉल मोठा आहे. मूर्ती नेली, वाजतगाजत नेली, आणि ती घराच्या दारातून आत जाईना. नेलेली मूर्ती परत घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही, त्याला अंगणात मांडव घालून दीड दिवस पावसात आरती करावी लागली. आप्पा अजून ती गोष्ट रंगवून सांगतात, शेवटी म्हणतात, अरे, बाप्पाला काय तुझ्या हॉलशी पडलंय, खरी जागा सांग ना. लहानपणापासून मी ह्या गोष्टीला हसत आले. आणि आज त्या माणसाच्या शेजारी मीच जाऊन उभी राहिले होते. मला जागा विचारली होती. सरळ, भल्या माणसाने, माझ्याच भल्यासाठी विचारली होती. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं, बहुतेक मी काहीतरी पुटपुटत असणार. तेवढ्यात मी ठरवलं की दुपारी फोन आला की खरं सांगायचं. ठरवलं आणि लगेच दुसरा विचार आला, बाहेर अंगणात जाऊन सांगायचं, कोणी ऐकणार नाही असं. म्हणजे मी अर्धंच ठरवलं होतं.

कारखान्यात पोचले तेव्हा आई, म्हणजे गिरजाबाई, दारातच पितांबराचा पिवळा ढवळत बसलेली. आत मूर्तींच्या रांगा, पुढच्या रंगलेल्या, नटलेल्या, आणि बिनडोळ्यांच्या, मागे माणसं कोऱ्या मूर्तींना पांढरा मारत होती. आप्पा खुर्चीत. दोन हंगामांपासून ते आखणीला बसत नाहीत. आधी उजव्या हाताची करंगळी हलायला लागली, मग मनगट, मग चहाची बशी वाजायला लागली. पेणच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थोडा फरक पडला, आखणीपुरता नाही. ते आता डाव्या हाताने उजवा मांडीवर दाबून धरतात आणि कुणी आलं की वर्तमानपत्र घेतात. माझ्या आप्पांनी, दिनानाथ मूर्तिकारांनी, जन्मात खाडीत उडी मारलेली नाही. गावातली झाडून सगळी माणसं पोहतात, हे काठावर. कबड्डीला नाहीत, गोविंदाला नाहीत, लेकाबाळांना खांद्यावर घेऊन नाचले नाहीत. हात राखला. सत्तरी गाठेपर्यंत कुणी फुलाची काठी लावू नये असा राखला, आणि हात राहिला नाही. मला त्यांच्याकडे बघून फार वाईट वाटतं, पण त्या दिवशी वाईट वाटण्याच्या खाली आणखी काहीतरी होतं. मला घाई झाली होती. माझा हात आज स्थिर आहे. उद्याचं कोण सांगणार?

मी बसले. डाव्या हाताने फिरता पाट फिरवायचा, उजव्यात ब्रश. आमच्या कारखान्यात आखणीच्या वेळी कुणी बोलत नाही, कॉम्प्रेसरसुद्धा बंद करतात. आणि आखणीवाल्याला आप्पांचा नियम असा, की उजवा डोळा काढला की डावा पुरा होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. मधे बोललं की नजर फाटते, देव दोन दिशांना बघतो. दुसरा नियम, काढलेला डोळा पुसायचा नाही. मी ह्या दोन्ही नियमांत वाढले, तेव्हा ते मोडतात कसे हे मला माहीतच नव्हतं. बैठ्या मूर्तीचा उजवा डोळा काढला. वरची पापणी, खालची, बुबुळ, चमकेचा ठिपका. नेहमीसारखा झाला. ब्रश पुन्हा काळ्यात बुडवला आणि फळीवरचा माझा फोन वाजला. तो वाजू द्यायचा होता. पण आईने आयुष्यात वाजणारी वस्तू कधी वाजू दिलेली नाही, दाराची कडी नाही, कुकर नाही, फोन नाही. तिचे हात पिवळे, म्हणून तिने कोपराने दाबला आणि तो मोठ्या आवाजावर सुरू झाला. कारखानाभर हरेश बोलायला लागला. "ताई, ऑर्डर टाकतोय. बारा कोरवालाच ना? डिझाइनला तोच बरा."

अंगणात जायला वेळ नव्हता. हातात काळा ब्रश, समोर एका डोळ्याचा गणपती, आणि आप्पांनी खुर्चीतून मान वर केलेली. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं, आईने सांगितलं असतं की ती आखणीला बसलीय, मागनं करा. पण मागनं कधी करणार होते? एवढी वर्षं मी मागनंच तर केलं होतं.

"नको," मी म्हणाले. "सहा कोरवाला टाका, सकाळी मागितला होता तो. डिझाइन नाय करायचंय. मला खेळायचंय."

तिकडे हरेशचा आवाज एकदम मोकळा झाला. मग सकाळीच सांगायचं ना ताई, म्हणाला, तुमचा तोच बरोबर होता, मीच म्हटलं ह्यांनी इतका नेमका कसा मागितला. उरलेल्या पैशांत कार्ड वरचं बसतंय, छान मशीन होईल. आईने पुन्हा कोपर टेकवलं आणि फोन बंद झाला. पांढरा मारणारी माणसं आपापल्या मूर्तींकडे एवढ्या लक्षपूर्वक बघत होती की त्यांनी सगळं ऐकलं हे उघड होतं.

"कोन खेळनार?" आप्पांनी विचारलं.

मी, म्हणाले. काय, तर बंदुकीचा खेळ, लांबून नेम धरायचा. ह्या वेळी माझे कान गार होते, हे मला स्पष्ट जाणवलं. आप्पा म्हणाले, हात बिघडंल. ते रागाने नाही म्हणाले, नऊ वर्षांच्या मुलीला म्हणायचे त्याच काळजीने म्हणाले, आणि म्हणूनच मला ते सहन झालं नाही.

"तुमचा तर राखलेला व्हता ना, आप्पा," मी म्हणाले.

बोलले आणि वाटलं, हे नको होतं बोलायला. पण ते खरं होतं आणि मला परत घ्यायचं नव्हतं. त्यांचा डावा हात उजव्यावरून सरकला. उजवा मांडीवर उघडा पडला, थरथरत, सगळ्यांसमोर, आणि त्यांनी तो झाकला नाही. त्याच्याकडे त्यांनी बघितलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं. मग म्हणाले, "डावा राहिलाय. काढ."

मी श्वास सोडला, अर्ध्यावर थांबवला आणि डावा डोळा काढला. नियम मोडून काढलेला माझा पहिला डोळा. हात दगडासारखा स्थिर होता, बुबुळ जिथे टेकवायचं तिथेच टेकलं, आणि ठिपका देताना मला मनातून इतका आनंद झाला की मी तो लपवलाही नाही. आप्पा खुर्चीतून उठले. भिंतीला धरत आले, वाकले, चष्मा कपाळावर सारून आधी एक डोळा बघितला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. मला वाटलं, फाटली नजर.

"डावा चांगला उतरलाय," ते म्हणाले. "उजव्यात जीव नाय."

मी बघितलं. खरंच होतं. उजवा नीट होता, नेहमीसारखा नीट, हजारो काढले तसा. डावा बघत होता. मी म्हणाले, मग मी उजवा पुसते. आईने ढवळणं थांबवलं. आमच्या कारखान्यात काढलेला डोळा आजवर कुणी पुसलेला नाही, ते सगळ्यांना ठाऊक होतं, आप्पांना सगळ्यांत जास्त. त्यांनी फळीवरचं फडकं उचललं, वाटीतल्या पाण्यात बुडवलं, निम्मं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं, आणि ते फडकं त्यांनी उजव्या हातानेच माझ्यापुढे धरलं. मी घेतलं. रंग अजून ओला होता, सहज निघाला.

मी ब्रश काळ्यात बुडवला तेव्हा ते अजून तिथेच वाकून उभे होते.

"लागतो काय गो नेम?" त्यांनी हळूच विचारलं.

लागतो, मी म्हणाले. मग तोंड मिटलं आणि उजवा डोळा पहिल्यापासून काढायला घेतला.